धरण भरले, नळाचे काय?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते दिवस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी होते. आता आपण अहमदपूरचा हिशेब मांडू या.

२०११ च्या जनगणनेत अहमदपूरची लोकसंख्या सुमारे ४४ हजार होती. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे, असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे रोज सुमारे ६० लाख लिटर. तशा १२ रेल्वेगाड्या, दररोज! आणि ही गरज २०११ ची. त्यानंतर वस्त्या वाढल्या, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

आपले गाव बालाघाटच्या पठारावर वसलेले. खाली काळा पाषाण, त्यात पाणी फार मुरत नाही. बोअर उन्हाळ्यात आटतात. म्हणून लोहा तालुक्यातील मन्याड नदीवरच्या लिंबोटी धरणाचा आधार. तिथून पाणी पंपाने वर चढवायचे, शुद्ध करायचे, टाकीत भरायचे, मग गल्लोगल्ली सोडायचे. वीज गेली, पंप बिघडला की भरलेले धरणही कामाचे नाही.

धरण भरल्याची बातमी आली की आपण निर्धास्त होतो. आमच्या मते खरी परीक्षा धरणापासून नळापर्यंतच्या वाटेवर असते. शंभर घागरी सोडल्या आणि चाळीस गळून गेल्या, तर नवी योजना आणूनही तहान तशीच राहणार. पाणी थांबून थांबून सोडले की रिकाम्या, फुटक्या पाइपात गटाराचे पाणी शिरते आणि घरात लेकरांना जुलाब लागतात.

पाइपलाइन साधारण ३० वर्षांचा, तर पंप १५ वर्षांचा विचार करून आखतात. आज पाळण्यात असलेली मुलगी तिच्या मुलांना पाणी पाजील, तेव्हाची गरज आजच मोजावी लागते. म्हणून नगरसेवक दारात आले की तीन प्रश्न जरूर विचारा: रोज किती पाणी उचलले जाते? त्यातले घरांपर्यंत किती पोहोचते? उंचावरच्या आणि शेवटच्या वस्तीसाठी वेगळी टाकी आहे का?

एक प्रश्न मात्र आपण स्वतःलाच विचारायचा आहे. नळाला थेट मोटार लावून आपण पाणी खेचतो, तेव्हा गल्लीच्या टोकाच्या घरातली बाई रिकाम्या हंड्याजवळ बसून राहते. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो. तो ताटातल्या घासापुरता नाही, नळाच्या धारेलाही लागू आहे. वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपली शिकवण. मग रात्रभर वाहणाऱ्या टाकीचा जाब कोण देणार?

नगरपरिषदेकडे हिशेब मागू या, आणि तो मागताना आपल्या घरातली तोटीही बंद करू या.