बाटलीवरील रंग कोणी वाचावयाचा?

ठाण्यास टेंभी नाक्याजवळील एका दुकानात मी उभा असताना मुरबाडकडील एक भातशेतकरी कीटकनाशक घेण्यास आले. दुकानदाराने बाटली पिशवीत घातली. वेष्टनावरील रंगीत चौकट मी त्यांना दाखविली, तेव्हा ते म्हणाले, "निळा आहे, तांबडा नाही. मग भीती कसली?"

हा समज घातक होय. तांबडा रंग अतिजहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्विष नव्हे. निळ्या रंगावर तर धोक्याची सूचना छापलेली असते. शिवाय हा रंग त्या एकाच औषधाचे विष तोंडावाटे वा कातडीतून किती मारक, एवढेच सांगतो. दोन औषधे एकत्र कालविली, किंवा दिवसभर फवाऱ्यात उभे राहिले, तर काय होईल हे त्यावरून कळत नाही.

ही चौकट सहजासहजी आलेली नाही. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा व 1971 चे नियम झाले. वेष्टनासोबत प्रादेशिक भाषेतील माहितीपत्रक देणेही त्यांनी बंधनकारक केले.

तथापि 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत मजूरही होते. बाटली विकत घेतो मालक, औषध कालविले जाते बांधावर, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या दृष्टीस वेष्टन पडतच नाही. कायद्याने सूचना ग्राहकास दिली; विष मात्र दुसऱ्याच्याच अंगावर उडते. माझ्या मते खरी उणीव येथे आहे. माहितीपत्रकातील मजकूरही इतका बारीक असतो की, चष्मा लावूनही तो वाचवत नाही!

सबब, शेतकरी बंधूंनो, पंप भरण्यापूर्वी ते पत्रक मजुरास मोठ्याने वाचून दाखवावे. विक्रेत्यानेही रंगाचा अर्थ सांगितल्यावाचून बाटली हातात देऊ नये, असा नियमच व्हावयास हवा. औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये. मूळ वेष्टन जपून ठेवावे. कोणास मळमळ, घाम वा अंधारी आल्यास फवारणी तत्काळ थांबवावी, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णासोबत ते वेष्टन दवाखान्यात न्यावे. विष कोणते हे कळल्याखेरीज योग्य उतारा देणे डॉक्टरांस कठीण जाते.