पाहुणचार झाला, केंद्र कुठे आहे?

प्रौढशिक्षणावर देशोदेशींची देवाणघेवाण निघाली की जपानच्या ‘कोमिनकान’चा, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रांचा, दाखला ठरलेला. पण तिथून काय आणायचे असे विचारले की तक्ते, खेळ, पद्धती पुढे येतात. पैशाचे कोणी बोलत नाही. १९४६ मध्ये युद्धाने होरपळलेल्या गावांतून ही केंद्रे सुरू झाली आणि १९४९ च्या कायद्याने ती स्थानिक पालिकांच्या हाती आली. इमारत पालिकेची, खर्चही तिचाच. आणायचे ते हे!

आपल्याकडे काय झाले? २००९ च्या ‘साक्षर भारत’मध्ये गावोगाव लोकशिक्षण केंद्र आणि मानधनावर प्रेरक होते. पण जिल्हे निवडले ते स्त्री-साक्षरतेची सरासरी पाहून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात. ठाणे-कल्याणच्या शिकलेल्या बायकांच्या सरासरीखाली तलासरी-मोखाड्याच्या बायका झाकल्या गेल्या. २०१४ मध्ये जिल्हा वेगळा झाला, २०१८ मध्ये योजनाच गुंडाळली. २०२२ पासूनचा ‘उल्लास’ स्वयंसेवकांवर, म्हणजे बिनपगारी श्रमावर उभा आहे. बिनपगारी काम शेवटी कोणाच्या पदरात पडते, हे मैत्रिणींनो, आपल्याला सांगायला नको.

आणि धडा घ्यायला जपानच कशाला? आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. शिकणाऱ्याचे काम आधी, वेळापत्रक नंतर. हा न्याय आईला का नाही? बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी बाई पाळी संपवून, पाणी भरून, स्वयंपाक उरकून येईपर्यंत वर्ग सुटलेला असतो. मग म्हणायचे, बायकांना शिकण्याची आस्थाच नाही!

तिला रसायनाच्या पिंपावरची सूचना, हजेरीची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा हिशोब वाचता यायला हवा. आपण तिला सही शिकवून मोकळे होतो. पूर्वी न वाचलेल्या कागदावर ती अंगठा उठवत होती, आता नाव लिहिते, एवढाच फरक.

म्हणून मागणी साधी आहे. पाळ्यांच्या वेळा पाहून उघडे राहणारे, पाळणाघर आणि पगारी शिक्षिका असलेले कायमचे केंद्र बोईसरला सरकारी खर्चाने उभे करा. मग परदेशी पाहुणे जरूर बोलवा. त्यांच्यापुढे या बायका स्वागतगीत म्हणायला उभ्या राहणार नाहीत, चर्चेला बसतील.