सय्यद मोदी खून खटला : हेतू आणि पुरावा

२८ जुलै १९८८ च्या संध्याकाळी लखनौच्या के. डी. सिंग 'बाबू' स्टेडियममधून सराव आटोपून बाहेर पडलेल्या सय्यद मोदी यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. १९८० साली प्रकाश पदुकोण यांच्या सलग नऊ राष्ट्रीय अजिंक्यपदांची मालिका ज्याने खंडित केली आणि तो मान पुढे आठ वर्षे स्वतःकडे राखला, ज्याने १९८२ साली ब्रिस्बेन येथे राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले, असा हा रेल्वेचा बॅडमिंटनपटू होता.

केंद्रीय अन्वेषण विभागाने खुनाचे मूळ मोदींच्या वैवाहिक जीवनात शोधले व सात जणांवर आरोपपत्र ठेवले. त्या घरातील खाजगी गोष्टी चव्हाट्यावर आल्या, आणि त्यात आमच्या व्यवसायबंधूंचा वाटा थोडा नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. परंतु मोदींच्या पत्नीसह मुख्य आरोपींना न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपमुक्त केले. अखेर २००९ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी, एका आरोपीस जन्मठेप झाली. ती २०२२ साली उच्च न्यायालयाने कायम केली.

तपास करणारा अधिकारी बहुधा स्वतःही संसारी असतो. पतिपत्नींमधील बेबनाव किती घरांत असतो आणि त्यांपैकी कितींतून खून होतात, हे त्याला आम्ही सांगावयास नको. हेतूचा तर्क कितीही सुसंगत असला, तरी पिस्तूल हाती देणाऱ्यापर्यंतचे दुवे त्याने जुळत नाहीत. येथे ते जुळलेच नाहीत. गोळी झाडणारा तुरुंगात गेला. ती कोणाच्या सांगण्यावरून झाडली, हे मात्र सिद्ध झाले नाही.