विश्लेषण : एअरसॉफ्ट बंदुकीला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, बदल सोपा, पण जोखीम कुठे?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. त्यात इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या सर्किटचाही प्रश्न होता. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, 575 गुणांसह ती 12वी आली आणि अंतिम फेरी 2 गुणांनी हुकली. 'इलेक्ट्रॉनिक ट्रिगर' हा शब्द तेव्हा सामान्य वाचकाच्याही कानावर पडला. बॅटरीवर चालणाऱ्या हौशी एअरसॉफ्ट बंदुकांसाठी असाच ट्रिगर 'सोपा अपग्रेड' म्हणून विकला जातो. तो नेमका कशासाठी आणि किती सोपा, याविषयी...

ही बंदूक चालते कशी?

जपानच्या टोकियो मारुई कंपनीने 1991 मध्ये इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट बंदूक आणली. तिची रचना आजही फारशी बदललेली नाही. बॅटरीवर मोटर फिरते, गिअर पिस्टनला मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते आणि सुटते. दाबलेल्या हवेने 6 मिमीची प्लॅस्टिकची गोळी बाहेर पडते. साध्या बंदुकीत ट्रिगर म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखा तांब्याचा स्विच. मोटरचा सगळा प्रवाह त्यातूनच जातो.

मग अडचण काय?

ही मोटर 15 ते 20 अँपिअर प्रवाह सहज ओढते. ट्रिगर सोडताना संपर्क तुटतो, ठिणगी उडते आणि तांब्यावर काजळी धरते. संपर्काचा रोध 0.05 ओहम इतका वाढला, तरी 20 अँपिअरला तिथे 20 वॅट उष्णता तयार होते. शेवटी संपर्क एकमेकांना चिकटतात. मग बोट काढले तरी बंदूक सुरूच राहते.

मॉसफेट काय करतो?

मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच. नागपूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या ई-रिक्षाच्या कंट्रोलरमध्येही तोच असतो. तो बसवला की ट्रिगरमधून फक्त इशाऱ्यापुरता मिलिअँपिअर प्रवाह जातो. मोटरचा भार मॉसफेट उचलतो. आयआरएलबी 3034 सारख्या मॉसफेटचा रोध 0.0017 ओहमपेक्षा जास्त नसतो. म्हणजे त्याच 20 अँपिअरला जेमतेम पाऊण वॅट उष्णता. सोबत दोन रेझिस्टर आणि मोटरवर एक डायोड लागतो. सोल्डरिंग येणाऱ्याला हे काम एका दुपारचे.

याच्या पुढची पायरी 'ॲक्टिव्ह ब्रेकिंग'ची. ट्रिगर सोडताच मोटरची दोन्ही टोके जोडली जातात आणि ती जागीच थांबते. मात्र त्यामुळे मोटर तापते, ब्रश लवकर झिजतात. सर्वांत वरची पायरी मायक्रोकंट्रोलरची. पोलंडच्या गेट कंपनीच्या 'टायटन'सारखे तयार बोर्ड प्रकाश-सेन्सरने ट्रिगर आणि गिअरची स्थिती ओळखतात. बॅटरी फार उतरली तर ते बंदूक बंदही करतात.

यामुळे ताकद वाढते का?

नाही. गोळीचा वेग स्प्रिंग, सिलिंडर आणि नळीवर ठरतो. 0.2 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने गेली, तर ऊर्जा 1 ज्यूल. ट्रिगर बदलला तरी तेवढीच. बदलतो तो प्रतिसाद. डोळ्याला इजा करायला 1 ज्यूलही पुरेसा आहे, म्हणून गॉगलला पर्याय नाही.

खरी जोखीम कुठे?

जाहिरातीत न सांगितली जाणारी बाब ही, की मॉसफेट जळतो तेव्हा बहुधा 'शॉर्ट' होऊन जळतो. म्हणजे स्विच कायमचा चालू. चिकटलेल्या तांब्याचाच प्रश्न वेगळ्या वाटेने परत येतो. म्हणून बॅटरीलगत फ्यूज हवाच. ट्रिगरची तार तुटली तर मॉसफेट बंद राहावा, यासाठी गेटला 'पुल-डाउन' रेझिस्टर हवा. खेळ संपताच बॅटरी काढण्याची सवयही हवी. काही रुपयांच्या फ्यूजवर बचत करून महागडा बोर्ड घेणे हा उफराटा हिशोब आहे.

त्यात नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना बंद कारमध्ये ठेवलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगू शकते, पेटूही शकते. ठेवताना ती प्रत्येक सेलमागे साधारण 3.8 व्होल्टवर, सावलीत ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

कायदा काय सांगतो?

जपानने 2006 मध्ये एअरसॉफ्टची ऊर्जा 1 ज्यूलच्या किंचित खाली बांधून दिली. भारतात शस्त्र नियम, 2016 नुसार एअरगनच्या परवाना-सवलतीसाठी 20 ज्यूल ऊर्जा आणि 0.177 इंच, म्हणजे सुमारे 4.5 मिमी बोर ही मर्यादा आहे. एअरसॉफ्टची ऊर्जा तिच्या कितीतरी खाली आहे; बोर मात्र 6 मिमीचा. शिवाय खऱ्या शस्त्राच्या हुबेहूब प्रतिकृतींची दखलही हे नियम घेतात. त्यामुळे 'हे तर खेळणे' या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. खरेदीपूर्वी पोलिस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारणे शहाणपणाचे. सरकारनेही या कमी ऊर्जेच्या बंदुकांसाठी जपानसारखी स्पष्ट ओळ आखली, तर खेळाडू आणि पोलिस दोघांचाही गोंधळ टळेल.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर विकला जातो वेगाच्या नावाने. पण ट्रिगरचे अधिक महत्त्वाचे काम बोट काढताच थांबणे हे आहे. बोर्ड निवडताना पहिला प्रश्न 'किती झटपट सुटतो' हा नको. 'बिघडला तर थांबतो का' हा हवा.