भांग, कीड आणि दोन ठिकाणे

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत, हे राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मधून मांडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथली चित्रे किडींनी पोखरली. वेरूळला तसा उपद्रव आढळला नाही. मग वेरूळ भांगेनेच राखले? शक्य आहे. पण तुलना दोनच ठिकाणांची. ओलावा, वटवाघळे, गिलाव्याचे वय यांतही फरक असू शकतो. एकाच लेण्यातून शंभर नमुने काढले, तरी लेणे एकच मोजायचे. संख्याशास्त्राचा हा धडा जीवशास्त्राच्या वर्गात बहुधा उशिरा पोहोचतो. भांग घातलेल्या व न घातलेल्या गिलाव्याचे तुकडे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवून, काही पावसाळे ठेवून पाहता येतील. तोवर डागडुजीच्या मातीत भांग कालवण्याची घाई नको.