पाय बेसवर, डोळे चेंडूवर
उन्हाळ्याच्या संध्याकाळी अमेरिकेतली मैदानं स्लो-पिच सॉफ्टबॉलच्या हौशी संघांनी भरून जातात. 1887 साली शिकागोत जन्मलेल्या खेळाचं हे संथ रूप. चेंडू कमान करून येतो, म्हणून टोला जवळपास प्रत्येकालाच जमतो. खरी पारख होते ती धावण्यात. चेंडू होम प्लेटपाशी पोचेपर्यंत बेस सोडायचा नाही. टोला उंच उडाला की नवखा पळत सुटतो. जाणता बेसवर पाय रोवून झेल होण्याची वाट बघतो आणि चेंडू हातात विसावताच सुटतो. दोन गडी बाद असतील तर मात्र वाट बघायचीच नाही. तिसऱ्या बेसजवळच्या सोबत्याचा हात गरगर फिरला की मागे वळून न बघता धावायचं. हंगामभर एकत्र खेळून कमवायचा असतो तो हाच विश्वास.