नायक कोण : माणूस की गाव?

व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ सालच्या कादंबरीचे मूळ नाव ‘नोत्र दाम द पारी’. म्हणजे पॅरिसच्या एका चर्चचे नाव! इंग्रजीत जाताना तिचा ‘कुबडा’ झाला आणि आपणही तो कुबडाच कवटाळून बसलो. ह्यूगोने नायकपद दगडांना दिले होते. कथा १४८२ची, पण चर्चच्या बांधणीवर आणि उंचावरून दिसणाऱ्या पॅरिसवर त्याने अख्खी प्रकरणे खर्ची घातली. त्या मोडकळीस आलेल्या वास्तूकडे लोकांचे डोळे वळले आणि १८४४मध्ये तिच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. २०१९मध्ये ती जळाली तेव्हा तिला कधी न पाहिलेले वाचकही हळहळले.

आता आमच्या ग्वाल्हेरकडे या. ह्यूगोच्या कथेनंतर चारच वर्षांनी, १४८६मध्ये, मानसिंह तोमर इथे गादीवर आला. त्याचे मानमंदिर, गूजरी महाल आजही उभे आहेत. त्यांच्यावर वृंदावनलाल वर्मांनी १९५०मध्ये ‘मृगनयनी’ लिहिली. हिंदीत! आणि आपण मराठी मंडळी? दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे ‘लष्कर’ झाले, त्याला दोन शतके उलटली. १९६१मध्ये कुसुमावती देशपांड्यांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलनही भरले. तरी घरात किल्ल्याची गोष्ट निघाली की ती महादजींपासूनच सुरू होते. त्याच किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा, शून्य कोरलेला शिलालेख आहे. तो जणू शेजाऱ्यांचा!

‘स्वामी’, ‘छावा’ यांची पारायणे मीही केली आहेत. वाद त्यांच्या थोरवीशी नाही. वाद आहे तो आपल्या सवयीशी. आपल्याला इतिहासात आपला माणूस सापडला तरच तो इतिहास आपला वाटतो.

सीमाभागातल्या वाचकांनो, हा प्रश्न तुमच्याही दारातला आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती रट्टांच्या काळची. ती मराठ्यांची नाही म्हणून मराठीत तिची गोष्टच नको काय? गावावर हक्क सांगायचा आणि आपल्या आधीचे दगड दुसऱ्या भाषेवर सोपवायचे, हा कुठला न्याय?

आमची मुले हिंदीत शिकतात, तुमची कित्येक कन्नडमध्ये. खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्याची गोष्ट त्यांना शाळेच्याच भाषेत मिळणार असेल, तर मराठी त्यांनी कशासाठी वाचावी? आजोबांना बरे वाटावे म्हणून? तेवढ्यावर भाषा टिकत नसते. लेखकहो, पुढची कादंबरी पुण्याच्या शनिवारवाड्यात नको. आमच्या गावात घडू द्या.